किंडरचे बूट: गोअरटेक्स की साधी जाळी? (ऑर्डर गुरुवारी रात्री बंद)

प्रेषक: शिल्पा
मंडळी, दुकानाची सवलत गुरुवारी रात्री बारापर्यंतच आहे. विनायकदादा आणि नेहा सोडून सगळ्यांची मापं आली. अडलंय ते एवढ्यावरच की तोच बूट साध्या जाळीचा आणि गोअरटेक्सचा (आत पाणी अडवणारा पडदा असलेला) अशा दोन प्रकारांत मिळतो. दहाही जोड एकाच प्रकारचे घेतले तरच सवलत लागू होते. नोव्हेंबर आहे म्हणून अर्ध्या लोकांना गोअरटेक्स हवाय. किंडरचा, म्हणजे मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट डोंगराचा, मार्ग नेहमीचाच: एडेल स्टेशन, जेकब्ज लॅडरने वर, धबधब्यापर्यंत जाऊन मागे, ग्राइंड्सब्रुक ओढ्याने खाली. उद्या रात्रीपर्यंत काय ते ठरवा.

प्रेषक: अण्णा
शिल्पा, साधी जाळी घे. गोअरटेक्सचा पडदा बाहेरचं पाणी अडवतो हे खरं, पण बुटाचं तोंड उघडंच असतं. किंडरवर पाणी वरून पडत नाही इतकं खालून येतं. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या दलदलीच्या मातीच्या, चिखलात पाय घोट्यापर्यंत गेला की पाणी तोंडातून आत शिरतं, आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. पुढचे दोन तास पाय डबक्यात. जाळीच्या बुटातलं पाणी शंभरेक पावलांत पिळून निघतं. शिवाय बोटांपाशी बूट जिथे दुमडतो तिथे पडद्याला घडी पडून तो सगळ्यात आधी फाटतो. म्हणजे दुसऱ्या हिवाळ्यात जास्तीचे पैसे दिलेला बूट गळायला लागतो, आणि गळका गोअरटेक्स वाळायला जाळीच्या दुप्पट वेळ घेतो.
पाय ओला होणारच हे धरून चाला. तो गार पडू नये याची सोय मोज्याने करायची: मेरिनो लोकरीचा, पोटरीच्या खालपर्यंत येणारा. सुती मोजा कोणीही आणू नये. तो पाणी धरून ठेवतो आणि टाचेची कातडी सोलवटतो.

प्रेषक: केदार
अण्णा, तुम्ही म्हणता ते धावणाऱ्यांसाठी बरोबर आहे. पण या दहांपैकी सहा जण चालणारे आहेत आणि दर वेळी बुटांचा निर्णय धावणाऱ्यांच्या सोयीने होतो. धावताना पाय स्वतःची उष्णता तयार करतो. चालणारा धबधब्यापाशी डबा उघडून वीस मिनिटं बसतो, तिथे पश्चिमेचा वारा थेट अंगावर येतो आणि ओल्या जाळीतून तो बोटांपर्यंत पोचतो. ओल्या गवतात, रिमझिम पावसात, पातळ कोरड्या बर्फात गोअरटेक्स उत्तम काम करतो. एडेल ते अप्पर बूथ सगळी ओली कुरणंच आहेत. पाय निदान पहिला तासभर कोरडा राहिला तर त्यात वाईट काय?

प्रेषक: वैशालीताई
तुम्ही दोघं बुटाच्या वरच्या कापडावर भांडताय. माणूस घसरतो तो तळामुळे. आधी जमीन बघू या.
स्टेशन ते अप्पर बूथ: ओलं गवत, फाटकांपाशी गुरांनी तुडवलेला चिखल. तिथून ली फार्मपर्यंत डांबरी गल्ली. जेकब्ज लॅडर म्हणजे बसवलेल्या दगडांच्या पायऱ्या, झिजलेल्या आणि पावसात वाहत्या. वर किंडर लो (६३३ मीटर), तिथे काळा पीट, वाळू आणि ग्रिटस्टोन (खरखरीत वालुकाश्म) एकमेकांत मिसळलेले. कडेकडेने धबधब्यापर्यंत खडकाळ वाट. ग्राइंड्सब्रुकच्या वरच्या टप्प्यात मोठे धोंडे, मध्येच ओढ्यातूनच उतरायचं, हात लावावे लागतात.
म्हणजे निम्म्याहून जास्त वाट दगडाची आहे. सात-आठ मिलिमीटरचे लग, म्हणजे सोलचे ते रबरी दात, निव्वळ चिखलासाठी असतात. ते दूर दूर बसवलेले असतात म्हणून चिखल अडकून न राहता झडून जातो. पण दगडावर उभं राहिलं की जमिनीला टेकतात फक्त त्या दातांची टोकं, आणि उंच दात वजनाखाली वाकतात. पाय जागेवर असतो आणि बूट त्याच्याखाली हलतो. उलट तीन मिलिमीटरचा बूट गवताच्या उतारावर सरळ खाली नेतो. या मार्गाला पाच मिलिमीटर, दातांमध्ये बोट जाईल एवढी फट, आणि मऊ रबर. शिल्पाने निवडलेल्या बुटाचे लग किती आहेत ते कुणी विचारलंच नाही!

प्रेषक: शिल्पा
पाच आहेत. रबर कोणतं ते दुकानदार सांगू शकला नाही, फक्त "स्टिकी" म्हणाला.

प्रेषक: अण्णा
वैशालीताईंच्या मुद्द्याला जोड देतो. ओल्या दगडावर लगपेक्षा रबर जास्त महत्त्वाचं. मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीत दबून बसतं, कडक रबर त्यावरून तरंगतं. दुकानात तपासायचं असेल तर लगच्या टोकाला नख दाबा. खूण उमटून हळूहळू भरून आली तर रबर मऊ. नख नुसतं सटकलं तर तो बूट कोरड्या वाटेला ठेवा. मऊ रबर डांबरावर फार लवकर झिजतं, म्हणून ली फार्मची गल्ली कडेच्या गवतावरून चाला आणि हे बूट घालून दुकानात वगैरे जाऊ नका. थंडीतही रबर कडक होतं. रात्रभर गाडीच्या डिकीत बूट ठेवले की सकाळची पहिली पायरी निसरडी लागते ती त्यामुळेच. बूट रात्री घरात ठेवा.
या बाबतीत आपण योग्य गावात राहतो. ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर, २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातच वेगळं केलं गेलं, आणि त्याच विद्यापीठाबरोबर काम करून इनोव्ह-एट या बूट कंपनीने २०१८ मध्ये ग्राफीन मिसळलेल्या रबराचे बूट बाजारात आणले. उद्देश हाच होता की रबर मऊ राहावं तरी लवकर झिजू नये. फेल रनिंगचे, म्हणजे डोंगरावर धावण्याचे, बूट करणारी नॉर्मन वॉल्श कंपनी तर १९६१ मध्ये शेजारच्या बोल्टनमध्येच सुरू झाली. ओल्या डोंगरासाठीच घडवलेले बूट दाराशी मिळत असताना सवलत आहे म्हणून दुसरं काही घेऊ नये असं माझं मत.

प्रेषक: माधुरी (क्रीडा समिती)
अण्णा, ब्रँड समितीने तीन आठवड्यांपूर्वी ठरवलाय, तेव्हा सगळ्यांना मेल गेली होती. तो प्रश्न आता उघडायचा नाही. प्रकार तेवढा ठरवा.
आणखी एक. बूट मंगळवारी हातात येतील, डोंगर पुढच्या शनिवारी. मधल्या दिवसांत प्रत्येकाने ते घालून किमान दोनदा तासभर चालून यायचं आहे, त्यातलं एकदा उताराच्या रस्त्यावर. कोऱ्या बुटांनी कुणीही डोंगरावर येऊ नये.

प्रेषक: राहुल
थोडं विषयांतर. जुलैमध्ये पुण्याला जातोय, सिंहगड आणि राजगड करायचा विचार आहे. हेच बूट तिकडे चालतील का? की चिखलाचे खोल लगवाले वेगळे घेऊ? पावसाळा म्हणून विचारतोय.

प्रेषक: विनायकदादा
राहुल, खोल लगवाले अजिबात नेऊ नकोस. आपला कातळ बसाल्टचा, बारीक कणांचा. ग्रिटस्टोन ओला झाला तरी खरखरीत राहतो, त्यावर हिरवा थर नसेल तर पाय धरतो. बसाल्टच्या पायऱ्या लाखो पावलांनी गुळगुळीत झालेल्या, त्यावर जुलैत शेवाळ. शेवाळावर कोणतंच रबर धरत नाही. पाऊल सपाट टाकायचं, टाचेवर नाही, आणि शेवाळाचा हिरवा पट्टा सोडून खडबडीत कडेला किंवा सांध्यात पाय रोवायचा. लग तीन-चार मिलिमीटर आणि मऊ रबर एवढं पुरतं. लाल मातीचा चिखल चिकट असतो. दाट लगमध्ये तो भरून राहतो आणि सोल सपाट होतो, म्हणून लगमधली फट बघ.
डिसेंबरात जाणार असशील तर हिशोब पुन्हा बदलतो. माती सुकते आणि उतारांवर घसारा तयार होतो, म्हणजे कडक मुरमावर सुटे बारीक खडे. तिथे लगच्या कडा धारदार हव्यात, झिजून गोल झालेल्या चालत नाहीत. टाचेच्या भागातले लग उलट दिशेला वळलेले असले तर उतरताना ब्रेक लागतो. आणि घोट्यावर पातळ कापडी गेटर लाव, नाहीतर दर दहा मिनिटांनी बूट काढून खडे झटकत बसावं लागेल.

प्रेषक: राहुल
दादा, आभार. मग रॉक प्लेटवाले घेऊ का? आणि जाड सोलचे मऊ मऊ बूट हल्ली सगळेच घालतात, ते?

प्रेषक: विनायकदादा
रॉक प्लेट म्हणजे सोलमधली पातळ कडक पट्टी. टोकदार खड्यांवर तळवा वाचतो, पण पाऊल दगडाच्या आकाराला वळत नाही. कातळावर वळणारं पाऊल जास्त धरतं. राजगडाच्या वाटेला नको. जाड सोल लांब अंतराच्या सपाट वाटेला छान, पण पाय जमिनीपासून जितका उंच तितका तिरक्या जागेवर घोटा मुरगळायचा धोका जास्त. टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक, म्हणजे ड्रॉप, तोही बघ. रोजच्या बुटात दहा मिलिमीटर असेल आणि एकदम शून्यवाला घेतलास तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते. चार ते सहा घे, दोन महिने आधीपासून घाल.

प्रेषक: नेहा
माझं माप अडलंय. रोजचा बूट यूके पाचचा. इथे कुणी अर्धा नंबर वाढवा म्हणतं, कुणी एक. आणि पुढे बोटांपाशी सगळेच घट्ट होतात, मागे टाच सुटते.

प्रेषक: वैशालीताई
नेहा, नंबर विसर, सेंटिमीटर मोज. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजलेला असतो. डोंगरावर घालणार तोच मोजा घालून कागदावर भिंतीला टाच टेकवून उभी राहा. दोन्ही पायांवर सारखं वजन. जो पाय लांब त्याचं माप धर. अंगठाच सगळ्यात लांब असतो असं नाही, कित्येकींचं दुसरं बोट पुढे असतं. त्यात दहा ते बारा मिलिमीटर मिळव आणि बुटाच्या जिभेवरच्या लेबलवरचा सेंटिमीटरचा आकडा जुळव. जागा कमी पडली तर ग्राइंड्सब्रुकच्या उतारात नखं पुढे आपटून काळी होतात. जास्त झाली तरी तेच होतं, कारण पाय आतल्या आत पुढे सरकतो.
टाच सुटते ते नंबर बदलून सुटणार नाही. वरून दुसऱ्या भोकापर्यंत नाडी नेहमीसारखी ओव. मग प्रत्येक टोक त्याच बाजूच्या शेवटच्या रिकाम्या भोकात बाहेरून आत घाल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक लहान फासा तयार होईल. उजवं टोक डाव्या फाशातून, डावं उजव्या फाशातून काढ, खाली आणि मागे ओढून घट्ट कर, मग गाठ. टाच जागेवर बसते आणि बोटांकडची नाडी सैल ठेवता येते.
चपलेत वाढलेली पावलं पुढून पसरट असतात, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना अरुंद साचा चावतो. याच मॉडेलचा रुंद साचा आहे का ते शिल्पाने विचारावं.

प्रेषक: केदार
मूळ प्रश्नाकडे येतो. घोट्यापर्यंत बुडल्यावर गोअरटेक्स निरुपयोगी, हे मान्य. पण चालणाऱ्यांच्या गारठ्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. माझा प्रस्ताव: बूट सगळ्यांना जाळीचेच, आणि चालणाऱ्यांनी पातळ लोकरी मोज्यावर जलरोधक मोजा घालावा. तो पोटरीपर्यंत येतो, त्यामुळे घोट्याच्या चिखलात वरून पाणी शिरत नाही. गुडघ्यापर्यंत बुडालात तर तोही भरणार, पण असं एखाद्याच ठिकाणी होतं आणि तो उलटा करून रिकामा करता येतो. मात्र तो जाड असतो, तेव्हा मापं दोन्ही मोजे घालूनच घ्यावी लागतील. ज्यांनी आधीच पाठवली त्यांनी पुन्हा मोजा.

प्रेषक: अण्णा
केदार, हे चालेल. धबधब्यापाशी डबा उघडण्याऐवजी वाऱ्याच्या आडोशाला, शंभर-दोनशे मीटर अलीकडे धोंड्यांच्या पूर्वेला बसू. आणि प्रत्येकाच्या पाठपिशवीत सुक्या मोज्यांचा एक जोड, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. तो वर घालायचा नाही, एडेलला खाली उतरल्यावर गाडीची वाट बघताना घालायचा.

प्रेषक: माधुरी (क्रीडा समिती)
समितीतर्फे जाळीचा प्रकार मंजूर. जलरोधक मोजे ज्याचे त्याने घ्यायचे. बर्फ पडला किंवा वर पाणी गोठलं तर पाच मिलिमीटरच्या रबराचा काही उपयोग नाही, बुटावर चढवायचे साखळीचे स्पाइक (टोकदार खिळे) लागतील. ते मंडळाकडे चारच जोड आहेत. तसं झालं तर वर न जाता एडेलच्या खोऱ्यातूनच चालायचं, यावर शनिवारी सकाळी वाद नको.

प्रेषक: शिल्पा
ठरलं, दहाही जाळीचे. रुंद साचा आहे, तीन जणांना तोच लावतेय. परत आल्यावर धुण्याबद्दल दोघांनी वेगळं विचारलं, कुणीतरी लिहा.

प्रेषक: वैशालीताई
त्याच संध्याकाळी, पीट सुकायच्या आत. आतला सोल बाहेर काढा, नाड्या सोडा, गार पाण्याखाली मऊ ब्रशने घासा. साबण नको, वॉशिंग मशीन तर नकोच. पीटमध्ये वाळूचे बारीक कण असतात. ते जाळीत राहिले तर प्रत्येक पावलाला बोटांच्या घडीपाशी धागे कापत राहतात. म्हणून तिथे आतूनही बोट फिरवून धुवा. आत वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने बदला, झोपताना पुन्हा बदला. रेडिएटरवर ठेवू नका: डिंक सुटून सोलचं टोक उघडतं आणि आतला फोम कडक होतो. हवा खेळती असेल अशा ठिकाणी सोल वर करून ठेवले तर जाळीचे बूट साधारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळतात.