झिजलेली रोमन नाणी ओळखायची कशी? जाणकारांनी मदत करा

शेवंती:
मंडळी, मी इंग्लंडात लिंकनशायरला राहते. शेजारचे आजोबा मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळतात. त्यांनी त्यांच्याकडची थोडी रोमन नाणी मला ओळखायला दिली आहेत. बहुतेक अंगठ्याच्या नखाएवढी, हिरवट-काळी, अक्षरं जवळजवळ पुसलेली. एकावर समोरासमोर दोन माणसं उभी आहेत एवढंच कळतं. सुरुवात कुठून करू? चिंच किंवा पितांबरी लावून घासली तर चालतील का? पुस्तक, साईट काहीही सुचवा.

गोदाकाठ:
शेवंतीताई, चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी यातलं काहीही लावू नका, कळकळीची विनंती! झिजलेल्या नाण्यावर जो काही तपशील उरलेला असतो तो बऱ्याचदा त्या हिरव्या थरातच असतो. आम्लाने थर गेला की खाली खडबडीत धातू राहतो आणि चेहरा कायमचा जातो. नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, सुटलेली माती लाकडी टूथपिकने हलकेच काढा. एखाद्यावर फिकट हिरवी भुकटी धरत असेल तर ते बाकीच्यांपासून वेगळं करून सिलिका जेलच्या पुडीबरोबर कोरडं ठेवा.

जुनापैसा:
गोदाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. आता ओळखण्याबद्दल. अक्षरांच्या मागे आधी लागू नका. आधी व्यास आणि वजन मोजा. तीसेक मिलिमीटरचं जाडजूड नाणं असेल तर ते बहुधा पहिल्या-दुसऱ्या शतकातलं सेस्टर्शियस. तुमची १५ ते १८ मिमीची असतील तर चौथ्या शतकातली असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ब्रिटनच्या शेतांत ती खूप मिळतात.

मग डोक्यावर काय आहे ते बघा. किरणांचा टोकदार मुकुट छोट्या नाण्यावर दिसला तर तिसरं शतक. मोत्यांची पट्टी म्हणजे सम्राट कॉन्स्टँटाईनच्या उत्तरकाळापासून पुढे.

त्यानंतर मागची बाजू. इथे अक्षरांपेक्षा आकृतीची ठेवण कामाला येते. लांडगीण आणि दोन बाळं असतील तर रोम शहराच्या नावाचं नाणं. गलबताच्या पुढच्या टोकावर पंखवाली देवी असेल तर कॉन्स्टँटिनोपलचं. भाला खुपसणारा सैनिक आणि घोड्यावरून कोसळणारा स्वार असेल तर ३४८ नंतरचं.

तुमची समोरासमोरची दोन माणसं म्हणजे जवळपास नक्की 'ग्लोरिया एक्सर्सिटस', सैन्याचा गौरव. दोन सैनिकांच्या मध्ये ध्वजदंड किती आहेत ते मोजा. दोन असतील तर ३३० ते ३३५, एकच असेल तर ३३५ ते ३४१. दंड एक झाला तेव्हा नाणंही हलकं झालं, त्यामुळे वजनाचा ताळा घेता येतो: आधी साधारण अडीच ग्रॅम, नंतर दीडेक.

खोली अंधारी करा, टॉर्च नाण्याच्या पातळीला आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवत फोटो काढा. वरून पडलेल्या उजेडात जे सपाट वाटतं ते बाजूच्या उजेडात उठून येतं.

शेवंती:
खूप आभार! टॉर्च आडवा धरला आणि मध्ये एकच दंड स्पष्ट दिसला. वजन १.५ ग्रॅम. पुढच्या बाजूला उजवीकडे शेवटी एन-ओ-बी-सी असं काहीतरी आहे, त्याआधी टी-आय-व्ही-एस.

जुनापैसा:
वा, मग तर फारच छान! बाप कॉन्स्टँटाईन आणि त्याची तीन मुलं, चौघांची नावं 'कॉन्स्टान'नेच सुरू होतात, म्हणून नावाची सुरुवात दिसून उपयोग नसतो. शेवट महत्त्वाचा. टी-आय-व्ही-एस म्हणजे कॉन्स्टँटिअस दुसरा. (कॉन्स्टँटाईन असता तर मध्ये एन आला असता.) एन-ओ-बी-सी म्हणजे 'नोबिलिसिमुस सीझर', अजून युवराजच. बाप मे ३३७ मध्ये गेला आणि सप्टेंबरात मुलं ऑगस्टस, म्हणजे सम्राट, झाली. म्हणजे तुमचं नाणं ३३५ ते ३३७ या दोन वर्षांतलं.

आता सैनिकांच्या पायाखालची रेघ आणि तिच्याखालची अक्षरं बघा, तिथे टांकसाळ असते. टी-आर म्हणजे ट्रियर, पी-एल-जी म्हणजे लिऑन. सी-ओ-एन-एस-टी दिसलं तर लगेच कॉन्स्टँटिनोपल म्हणू नका, ती फ्रान्समधली आर्ल. लंडनची टांकसाळ ३२५ लाच बंद झाली होती, त्यामुळे ती शोधू नका.

पुस्तकावर आत्ताच खर्च करू नका. 'रोमन इंपीरियल कॉइनेज'चा सातवा आणि आठवा खंड या काळाचे आहेत, पण महाग. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची ओसीआरई साईट मोफत आहे. तिथे राजा, टांकसाळ आणि वाचता आलेली अक्षरं टाकून शोधता येतं.

केतकी_यूके:
एक महत्त्वाचं. ही नाणी एकाच खड्ड्यातली आहेत का, ते आजोबांना विचारा. तांब्या-काशाची दहा किंवा जास्त नाणी एकाच ठेव्यातली असतील तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. सुटी सापडलेली असली तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) तुमच्या काउंटीतल्या अधिकाऱ्याला दाखवा. ते नोंद करतात, आणि शेताची जागा नोंदली गेली की नाण्याला खरा अर्थ येतो. त्यांच्या डेटाबेसमध्ये असंख्य झिजलेल्या नाण्यांचे फोटो आहेत. नजर बसवायला लिलावाच्या चकचकीत फोटोंपेक्षा तेच बघा.

शेवंती:
वेगवेगळ्या शेतांतली, वेगवेगळ्या वर्षी मिळालेली आहेत असं ते म्हणाले. अधिकाऱ्यांना मेल केली आहे. रेघेखाली टी-आर वाटतंय, पुढचं अक्षर पी की एस ते कळत नाही.

जुनापैसा:
दोन्ही ट्रियरचेच, पी म्हणजे टांकसाळीतला पहिला विभाग, एस म्हणजे दुसरा. नोंदीत 'ट्रियर, विभाग अस्पष्ट' एवढं लिहा.