प्रतिसाद: फादर आले म्हणजे शेवटच आला का?
वॉर्डात फादर दिसले की रुग्णाचा धीर खचतो, कारण फादरनी आजाऱ्याला प्रार्थनेसह पवित्र तेल लावण्याचा विधी म्हणजे आता आशा नाही असे घरचे धरून चालतात, हे निरीक्षण जुन्या पिढीपुरते मलाही पटते. मात्र कॅथलिक चर्चचा नियम तसा नाही. पोप सहावे पॉल यांनी 1972 साली या विधीची नवी मांडणी केली, आणि तीनुसार गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्याने फार थकलेल्यांनाही कपाळाला व हातांना तेल लावता येते, आजार बळावल्यास पुन्हाही.

राहिलेला मुद्दा अतिदक्षता विभागाचा, जिथे संसर्गाच्या भीतीने फादरना आत सोडायला कचरतात. धर्मगुरूने स्वतःच्या हातानेच तेल लावावे असा दंडक असला, तरी गंभीर कारण असल्यास साधन वापरण्याची मुभा चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेत, म्हणजे कायद्यांच्या संग्रहात, आहे. त्यामुळे संसर्गाच्या भीतीने त्यांना दाराशीच अडवण्यापेक्षा परिचारिकेने निर्जंतुक कापसाचा बोळा पुढे करावा.