होडीच्या तळाला प्लंबिंगचा पितळी व्हॉल्व्ह चालतो का?

खाडीकाठचा:
‘फायबरवाला’ यांनी लिहिलंय की २२-२५ फुटी शिडाच्या होडीला हार्डवेअरच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्ह पुरतो, सीकॉक (होडीच्या तळाच्या भोकावर बसवायचा खास व्हॉल्व्ह) म्हणजे चोचले, दर तीन वर्षांनी बदलला की झालं. हे वाचून गप्प बसवत नाही.

साध्या पितळेत चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. खारं पाणी ते खाऊन टाकतं, मागे उरतं भुसभुशीत तांबं. आकार तोच, आटे तेच, हँडलही फिरतं. पॉलिश पेपरने घासून बघा, पिवळ्यात गुलाबी डाग दिसले तर पाना लावताच तो तुकडा बिस्किटासारखा तुटेल. पाण्याखाली एक फुटावर दीड इंची भोक उघडं पडलं की मिनिटाला साधारण १०० लिटर पाणी आत येतं. ताशी ५०० गॅलनचा बिल्ज पंप (होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) मिनिटाला ३१ लिटर काढतो, तेही पाणी वर चढवायचं नसेल तर. गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) घ्या, डीझेडआर (जस्त सहज न गमावणारं) पितळ घ्या, नाहीतर काचतंतू घातलेलं नायलॉन. साधं पितळ पाण्याखाली नको म्हणजे नको.

फायबरवाला:
आपल्याकडे होडी बारा महिने पाण्यात असते कुठे? पावसाळ्यात वर ओढलीच जाते. तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर असतो, बदलायला वेळही असतो. उलट महागडं गनमेटल बसवून वर्षानुवर्षं हात न लावणारेच जास्त. आत कालवं बसतात, खाडीचा गाळ भरतो, हँडल गच्च. होज फुटला की बंद काय करणार? आणि तुमची गुलाबी रंगाची खूण अर्धवट आहे. गनमेटल मुळातच तांबूस असतं. लोक चांगले सीकॉक भंगारात घालतील.

खाडीकाठचा:
ती खूण पितळेपुरतीच, हे मी लिहायला हवं होतं. तेवढं मान्य. पण स्वस्त व्हॉल्व्हच्या आतला गोळा क्रोम चढवलेला पितळेचाच असतो. क्रोम सोललं की टेफ्लॉनची सीट (गोळा जिच्यावर टेकतो ती कडी) कापली जाते, आणि दांडी कुजून तुटली की हँडल फिरतं, गोळा जागचा हलत नाही. बंद केला असं वाटतं, तो उघडाच. हे किनाऱ्यावर नुसतं बघून कळत नाही, होज काढून आत डोकवावं लागतं.

सरळ आटे:
धातूवरून भांडताय, आट्यांकडे कुणी बघत नाही. थ्रू-हलचे (तळातून आरपार जाणाऱ्या नळीचे) आटे सरळ आणि व्हॉल्व्हचे निमुळते असले की दोन-तीन आट्यांतच गच्च होतं आणि माणसाला वाटतं बसलं. त्यात आपला माल बीएसपी (ब्रिटिश मापाचे आटे), मागवलेला अमेरिकन माल एनपीटी (अमेरिकन मापाचे). एक इंची फिटिंगला बीएसपीचे दर इंचात ११ आटे, एनपीटीचे साडेअकरा. टेफ्लॉन टेप गुंडाळून हे जुळत नाही. अमेरिकेच्या एबीवायसी या होड्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एच-२७ मानकाप्रमाणे सीकॉकच्या आतल्या टोकावर २२७ किलोचा भार ३० सेकंद टिकला पाहिजे. नुसत्या थ्रू-हलवर चढवलेल्या व्हॉल्व्हवर लॉकरमधला नांगर घसरून पडला तर काय होईल?

फ्लॅन्जचा (बुडाला रुंद चपटी कड असलेला) सीकॉकच घ्या. खाली १८ मिमी मरीन प्लायचा ठोकळा, कडांनाही इपॉक्सी पाजलेला, फ्लॅन्जपेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंमी मोठा. सीलंट पॉलियुरेथेन, सिलिकॉन नाही. होजला दोन-दोन क्लिपा, आणि त्यांना लोहचुंबक लावून बघा. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधं लोखंड, असा माल सर्रास मिळतो. शिवाय प्रत्येक सीकॉकला सागाचं बूच बांधून ठेवा.

मालवणचा तांडेल:
सागाचां बूच कित्याक? साग पाण्यात फुगणा नाय.
फिटिंग तुटतं तेव्हा भोक गोल राहत नाही, कडा दातेरी होतात. बूच मऊ पाहिजे, त्या दातांत रुतून फुगलं पाहिजे. पांगारा नाहीतर सावर.

सरळ आटे:
पांगारा ओलसर बिल्जमध्ये वर्षभरात कुजतो, किडतो. ऐन वेळी हातात भुसा येईल. साग वीस वर्षं टिकतो.

मालवणचा तांडेल:
बूच टिकायला नाही, भोक बुजवायला असतं. दर हंगामाला नवं तासा, तासाभराचं काम. कुजक्या पितळेत सागाचं कडक बूच हातोडीने ठोकलंत तर राहिलेलं फिटिंगही फुटेल. आणि बुचाला व्हार्निश लावू नका, पाणी शिरलं नाही तर ते फुगणार कसं?

फायबरवाला:
बुचावर पाच-पाच ओळी, आणि व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा फिरवा हे एकानेही लिहिलं नाही! माझा मुद्दा तोच होता.

खाडीकाठचा:
मग नीट लिहू. महिन्यातून एकदा पूर्ण उघड-बंद. होडी वर आली की होज काढा, व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरून लांब ब्रशने गोळ्यावर वॉटरप्रूफ ग्रीस लावा, पाच-सहा वेळा फिरवा, मग तेच आतून. कालवं लाकडी काडीने खरवडा, ॲसिड ओतू नका. जुना शंकूचा सीकॉक (आत गोळ्याऐवजी फिरणारा शंकू) असेल तर नट सोडून शंकू बाहेर काढा, बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून जागेवर घासा, रॉकेलने स्वच्छ पुसा, ग्रीस लावा, आणि हाताला थोडा जोर लागेल इतकाच नट आवळा. किनाऱ्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवा, नाहीतर गोळ्याच्या पोटात खारं पाणी अडकून राहतं. नायलॉनचा जाम झाला तर हँडलवर पाइप घालून जोर करू नका, हँडल मोडतं.

फायबरवाला:
ठीक. पाण्याखाली साधं पितळ नको, हे मान्य. माझे आधीचे शब्द मागे घेतो. पाण्याच्या वरच्या फिटिंगला मी पितळच वापरणार. आणि न फिरवलेल्या गनमेटलपेक्षा फिरवलेलं पितळ बरं, यावरून मी हलणार नाही.

खाडीकाठचा:
होडी वाऱ्याने कलली की वरचं फिटिंगही पाण्याखाली जातं. तेवढं मोजून ठरवा.

सरळ आटे:
तांडेल, पांगाऱ्याचं बूच किती निमुळतं तासायचं?

मालवणचा तांडेल:
दीड इंची भोकाला टोक २५ मिमी, मागची बाजू ५५, लांबी १५०. मागे भोक पाडून नायलॉन दोरीने सीकॉकलाच बांधा, लॉकरमध्ये टाकू नका.