मदत हवी आहे : थेरपीच्या पत्रकावर नेमकं काय लिहू?

नमस्कार. मी खानापुरात ऑटिस्टिक मुलांसोबत वर्तन विश्लेषणाचं (एबीए) काम करते, म्हणजे मूल असं का वागतं ते पाहून त्याला उपयोगी गोष्टी शिकवते. एक मुलगा तहान लागली की भिंतीवर डोकं आपटायचा. आता पाण्याच्या चित्राचं कार्ड माझ्या हातात आणून ठेवतो. आईनं व्हिडिओ पाठवला, "सगळ्यांना दाखवा मॅडम."

पण त्याची थेरपी अजून माझ्याकडेच चालू आहे. वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या बीएसीबी या संस्थेची २०२२ पासून लागू असलेली नीतिसंहिता मी पाळते. थेरपी चालू असलेल्या पालकांकडून जाहिरातीसाठी अभिप्राय मागायचा नाही, कारण त्यांच्यावर नकळत दडपण येतं. हा व्हिडिओ मी मागितला नव्हता, तरी वापरणार नाही. चेहरा झाकून पाहिला. आवाज आणि मागचं अंगण गावात कुणीही ओळखेल.

म्हणून फक्त माहितीचं पत्रक काढतेय, मराठी-कन्नड दोन्हीत, अंगणवाड्यांत आणि बसस्टँडवर लावायला. 'मुलं बरी होतात' लिहिणार नाही, ऑटिझम हा आजार नव्हे. 'सुधारतात'ही नको, जणू ती बिघडलेलीच होती! 'वर्तन विश्लेषण' तर कुणाला कळतच नाही.

खोटी आशा न लावता, घरातल्या आजीलाही समजेल अशी एक ओळ सुचवाल का? आणि तीच कन्नडमध्ये कशी लिहायची?