स्क्रीनिंगचा प्रश्न: ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की सगळ्या बायका नाही म्हणतात

रानजाई
नमस्कार. मी कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय आहे मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणाऱ्या बायकांना ती सोडताना काय आड येतं. पाटण तालुक्यातल्या दोन गावांत २५ ते ५० वयाच्या, रोज मशेरी लावणाऱ्या ४० जणी हव्या आहेत. अकरा दिवस घरोघर फिरले, ६३ जणींना विचारलं, चौघी हो म्हणाल्या. आणि सकाळी त्याच आळीतून जाताना तव्यावर तंबाखू भाजल्याचा ठसका लागतो! मार्गदर्शक बाई म्हणतात, गाव बदल. स्क्रीनिंगचा, म्हणजे अभ्यासात कुणाला घ्यायचं ते ठरवणारा, माझा पहिलाच प्रश्न असा आहे: ‘आपण तंबाखू किंवा तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?’ होय म्हटलं तर पुढचे प्रश्न, नाही म्हटलं तर आभार मानून उठायचं. कुठे चुकतंय?

कोयनाकाठ
गाव बदलू नकोस पोरी, प्रश्न बदल. मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते, बरीचशी डोंगरातल्या उपकेंद्रांवर. तुझ्या त्या ५९ जणी खोटं बोलल्या नाहीत. तंबाखू ‘खातो’ तो गडी माणूस, चुन्यात मळून दाढेखाली धरतो तो. बाई मशेरी ‘लावते’. तिच्या लेखी ते दात घासणं आहे, व्यसन नव्हे. आणि ‘सेवन’ हा शब्द कागदावरचा, तिच्या बोलण्यात तो कधी येतच नाही.

मला हे कळायला फार उशीर झाला. गरोदर बायांच्या नोंदीत तंबाखूपुढे मी पानंच्या पानं ‘नाही’ लिहीत गेले. एकदा एक सात महिन्यांची गरोदर पोर ओट्यावर बसून हिरड्यांना काळं बोट फिरवतच मला ‘नाही ताई’ म्हणाली. मी म्हटलं, अगं मग हे काय? तर म्हणते, ही तर मशेरी हाय. त्या रात्री मी जुनं रजिस्टर काढून बसले. गरोदरपणी तंबाखू पोटात गेला तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, हे मला पाठ होतं. पण सांगायचं कुणाला? माझ्या कागदावर तर तशी एकही बाई नव्हती. त्या बायांची तोंडं अजून डोळ्यांपुढे येतात.

म्हणून तू दारात गेलीस की एवढंच विचार: ‘सकाळी दात कशानं घासता?’ आणि गप्प बस. ती सांगेल. नाही सांगितलं तर एकेक नाव घे, पेस्ट, राखुंडी, कडुलिंबाची काडी, मशेरी, लाल दंतमंजन, मीठ. मशेरी मधे कुठेतरी घालायची, आणि ते नाव घेताना आवाज बदलायचा नाही. तुला नेमकं काय हवंय ते तिला कळता कामा नये. मग दुपारी जेवल्यावर, रात्री निजताना परत लावता का ते विचार. सकाळी एकदा लावणारी आणि दिवसातून पाचदा बोट फिरवणारी, दोघींची सोडतानाची अडचण सारखी नसते.

‘रोज लावता का’ असंही विचारू नकोस. काल लावली होती का, आज लावली का, असं विचार. किती दिवसांपासून हे महिन्यांत विचारलंस तर अंदाजानं सांगतील. पंचमीच्या आधीपासून का, थोरल्याच्या वेळी पोटुशी असताना का, असं विचारलं की बाई बरोबर आठवते.

आकडेमोड
वरच्या ताईंनी मुळावर बोट ठेवलंय. २००९-१० आणि २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ या तंबाखूच्या वापरावरच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही मिश्री (म्हणजे मशेरीच), गुल, गुडाखू अशी दातांना लावायच्या तंबाखूची नावं प्रश्नावलीत होती, ती याचसाठी. दोन गोष्टी माझ्याकडून. बदललेली प्रश्नावली इथिक्स कमिटीला (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला) कळवून मंजूर करून घे, त्याआधी वापरू नकोस. आणि त्या ६३ जणींचे कागद फेकू नकोस. जुन्या प्रश्नाला किती हो, नव्या प्रश्नाला किती, हे प्रबंधात यायला हवं. भाग घेणाऱ्यांना काही देणार आहेस का?

रानजाई
स्टीलचा डबा देणार आहे, आणि ते गावात आधीच सांगून बसलेय.

आकडेमोड
मग आता उलटं होईल. मशेरीवाल्यांना डबा मिळतो अशी बातमी पसरली की न लावणाऱ्याही हो म्हणतील. त्यांना दोष नाही, गरज असते. पडताळणीला एक-दोन प्रश्न ठेव. उठल्यावर किती वेळात पहिल्यांदा लावता, हा निकोटिनचं अवलंबित्व मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीतलाच प्रश्न आहे. मशेरी घरी भाजता की विकत आणता, हे दुसरं. लावणारी बाई विचार न करता सांगते. शक्य असेल तर स्क्रीनिंगला बसणाऱ्या प्रत्येकीला, निवड होवो न होवो, तेच काहीतरी छोटं दे.

रानजाई
एक शंका. मशेरीचं नाव मधे लपवायचं म्हणजे त्यांना फसवणं नाही का? आणि सासू समोर असते तेव्हा काय करू?

कोयनाकाठ
तोंडाच्या आणि दातांच्या आरोग्याचा अभ्यास आहे, हे दारातच सांग. ते खरंच आहे. निवड झाली की संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा घेण्याआधी मशेरीचं सगळं उघड सांगायचं, आणि ती नको म्हणाली तर हसत उठायचं. जिची निवड नाही तिचं नाव कागदावर ठेवू नकोस, आकडा राहू दे.

सासूपुढे विचारूच नकोस. काही घरांत सासूनंच सुनेला लावायला शिकवलेलं असतं, तिथं अडचण नाही. पण काही सुना गोठ्यामागं जाऊन लावतात. अशा घरात तुझ्या एका प्रश्नानं तिला महिनाभर बोलणी बसतील. तिला नळावर गाठ, नाहीतर अंगणवाडीत पोर सोडायला येते तेव्हा.

वैनगंगा
ही यादी उचलून दुसऱ्या जिल्ह्यात मात्र नेऊ नका. आमच्याकडे विदर्भात खर्रा. ‘तंबाखू नाही, खर्रा खातो’ असं माणूस सरळ सांगतो, आणि त्याच खर्ऱ्यात सुपारी-चुन्याबरोबर तंबाखू घोटलेला असतो. पलीकडे छत्तीसगडात गेलात तर गुडाखू. आधी पानठेल्यावर तासभर बसा, गिऱ्हाईक काय म्हणून मागतं ते ऐका, मग प्रश्न लिहा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. कमिटीला पत्र आजच टाकलं. मंजुरी येईपर्यंत अंगणवाडीताईंसोबत बसून दात घासण्याच्या वस्तूंची इथली नावं गोळा करते. राखुंडीला या गावात वेगळंच काहीतरी म्हणतात, ते पहिल्यांदा विचारणार आहे.