ठरवून कोण मालक होतं का?

नवखा_पुणेकर:
मेव्हण्याने चांगली नोकरी सोडून पिठाची गिरणी टाकली. का विचारलं तर म्हणतो, "आता कुणाचं ऐकून घ्यायचं नाही." इथे स्वतःचा धंदा असलेले बरेच जण आहेत. तुम्ही यात कसे पडलात? जिद्द, स्वप्न वगैरे नको, काय घडलं ते सांगा.

मागवाला_इचलकरंजी:
आमच्यात नोकरीही मागावरच आणि धंदाही मागावरच. 1904 ला विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून खडखडाट सुरू आहे.

मी एका शेडमध्ये जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. शेठना ऑटोलूम, म्हणजे स्वयंचलित माग, घालायचे होते, म्हणून चार साधे माग काढायला काढले. माझे दोन दिवाळ्यांचे बोनस थकलेले. म्हणाले, "पैसे नाहीत, दोन माग घेऊन जा. उरलेल्या दोनाचे हप्ते दे." घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मागत बसण्यापेक्षा माग घ्या." झालो मालक!

मालक म्हणजे खर्चीवाला. सूत व्यापाऱ्याचं, बीम (उभं सूत गुंडाळलेला रूळ) त्याचं, कापडही त्याचंच. आपल्याला पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी. इंचाला 52 पिकाचं कापड आणि दर पिकाला मीटरमागे 5 पैसे धरले तर मीटरला 2 रुपये 60 पैसे. त्यातून शेडभाडं, लाईटबिल, मागाच्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवालीचा पगार. पहिली तीन वर्षं कांड्या बायकोनेच भरल्या, म्हणून निभावलं. तिचा पगार धरला असता तर हिशोब तोट्यातच होता.

लालबागची_नात:
आमच्याकडे आजी. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, आजोबा घरी बसले. आजीने शेजारच्या दोघांचे डबे घेतले, पुढे ते वाढत गेले. आजोबा डबे पोचवायचे, पण बायकोचा धंदा आहे असं कुणाला सांगायचे नाहीत. "घरी जरा मदत करतो," म्हणायचे.

नवखा_पुणेकर:
@मागवाला, मजुरी व्यापारीच ठरवणार, मग परत जॉबर का नाही झालात? पगार तरी ठरलेला.

मागवाला_इचलकरंजी:
बायकोही तेच विचारायची. पण आईचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस माग बंद ठेवून दवाखान्यात बसलो. व्यापारी फोनवर ओरडला. ओरडू दे म्हटलं. शेठकडे असतो तर चार खाडे पडले असते, वर बदली माणूस मीच शोधून द्यायचा.

मेव्हण्याला एक विचारा, गिरणीचं लाईटचं मीटर कुणाच्या नावावर आहे?