पट्ट्यापेक्षा वासराचं बघा

रोडिओवरच्या (अमेरिकेतल्या गुराख्यांच्या खेळांच्या स्पर्धा) या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय की तिथे बैलाच्या वृषणांना पट्टा आवळतात म्हणून तो उड्या मारतो. तसं नाहीये. तो पट्टा, म्हणजे फ्लँक स्ट्रॅप, मागच्या पायांच्या पुढे, पोटाभोवती असतो. असं चुकीचं लिहिलं की समर्थक तेवढंच खोडून काढतात आणि खरा मुद्दा राहतो बाजूलाच.

मला विचाराल तर सगळ्यात वाईट काफ रोपिंग. शंभर-सव्वाशे किलोचं वासरू जीव तोडून पळतंय, घोडेस्वार गळ्यात फास टाकतो, घोडा गपकन थांबतो, दोर ताणला जातो आणि मानेला हिसका बसून वासरू गर्रकन फिरतं, कधी कधी पडतंच, मग त्याला आडवं पाडून तीन पाय बांधायचे, तेही घड्याळ लावून. म्हणे रांचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवर, हे करावंच लागतं. अहो, आजारी वासराला औषध द्यायला धरणारा माणूस सेकंद मोजतो का? आणि अमेरिकेच्या अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टमधून (प्राणी कल्याण कायद्यातून) रोडिओ चक्क वगळलेत!

पर्याय नाही असंही नाही. ब्रेकअवे रोपिंगमध्ये फास पडून दोर ताणला की तो खोगिरापासून सुटतो, वासरू पुढे पळून जातं. तिथल्या बायका वर्षानुवर्षं हेच खेळतायत, नेम तितकाच लागतो. मग पुरुषांना काय अडचण आहे?